क्रॉसच्या चारही तोंडांतून

नमस्कार मंडळी. जुनी गाडी जपणाऱ्यांची नजर बहुधा बॉनेटखाली असते. कार्बोरेटर, रेडिएटर, फार तर बंपरचं क्रोम. मला आज गाडीच्या पोटाखालच्या लोखंडी नळीबद्दल बोलायचं आहे. पुस्तकात तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, गॅरेजमध्ये जॉइंट शाफ्ट.

अँबेसेडर, पद्मिनी, जीप या सगळ्या गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. तो जोर पोचवणारा हा शाफ्ट. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मग हळूहळू बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांच्या जोरावर चालू लागल्या. त्यांना हा शाफ्टच नाही. म्हणून आजच्या सर्व्हिसिंगच्या यादीत शाफ्टचं ग्रीसिंग सापडत नाही. आजचा तरुण मेकॅनिक हुशार आहे, पण शाफ्टच्या टोकाच्या जोडावरचा, म्हणजे क्रॉसवरचा, ग्रीस भरायचा निप्पल त्याला कोणी दाखवलेलाच नसतो. तो आपणच दाखवायचा.

हा शाफ्ट किती फिरतो, याचा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं. डिफरेन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरचं, प्रमाण चार ते पाचच्या दरम्यान, म्हणजे शाफ्टचे दोन ते अडीच हजार फेरे. नागपूरहून रामटेकपर्यंतच्या रस्त्यात किती होतील ते तुम्हीच मोजा.

आता क्रॉस. शाफ्टच्या टोकांच्या जोडात बसलेला अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याला चार बाहू, प्रत्येक बाहूवर एक कप आणि कपाच्या आत बारीक सुयांसारख्या रोलरांची रांग. मोटारीसाठी क्रॉसचा जॉइंट क्लॅरेन्स स्पायसर यांनी अमेरिकेत बसवला, १९०३ साली त्यांना पेटंट मिळालं. त्याआधी बऱ्याच गाड्या सायकलीसारख्या चेनवर चालत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस आपोआप सगळीकडे पसरतं. क्रॉसमधल्या सुया पूर्ण फिरत नाहीत. शाफ्टचा जेवढा तिरकसपणा, तेवढ्याच त्या डोलतात. काही अंश इकडे, काही अंश तिकडे. पाट्यावर वरवंटा त्याच जागी मागेपुढे होत राहिला की पाट्याला खळगा पडतो, तसंच इथे होतं. सुईखालचं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. मग पोलादावर पोलाद घासतं, बाहूवर सुयांच्या चऱ्या उमटतात. क्रॉस उघडल्यावर त्या चऱ्यांवरून नख फिरवून बघा. नख अडलं की तो क्रॉस संपला.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी आग्रहाने सांगतो. ग्रीस भरायचं ते जुनं ग्रीस बाहेर काढण्यासाठी. ग्रीस गनचे दोन दाब दिले, निप्पलभोवती थोडं ग्रीस दिसलं, झालं काम, असं नाही. चारही कपांच्या सीलमधून आधी काळपट, मग नवं स्वच्छ ग्रीस डोकावलं पाहिजे. तीन तोंडांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथा बाहू कोरडा आहे. गाडी थोडी ढकलून शाफ्टची दिशा बदला, शाफ्ट हाताने त्या बाजूला दाबून धरा, पुन्हा गन चालवा. तरी येत नसेल तर कप धरून ठेवणारं लॉक काढून तो कप उघडा. लाल भुकटी निघाली तर आत गंज आहे. ग्रीसने तो बरा होत नाही, क्रॉस बदला.

आपल्या नागपुरात हे जास्त का लागतं? मे महिन्यात पारा ४५च्या पुढे. अशा दिवसांत टिनाच्या शेडखाली महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ग्रीसमधलं तेल सुटतं आणि मागे ते तेल धरून ठेवणारा साबण कोरडा उरतो. मग पाऊस. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट कोण विसरेल? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. लोकांनी इंजिन ऑइल बदललं, शिटा वाळवल्या. क्रॉस मात्र अनेकांच्या लक्षातच आले नसणार. पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर आधी शाफ्ट बघा.

रोज धावणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेतलं अंतर पाळा. उभ्या गाडीसाठी माझा नेम साधा आहे: मृगाच्या आधी एकदा आणि खंडेनवमीला एकदा. झेंडूचा हार घालण्याआधी खाली शिरायचं.

ग्रीस कोणतं? लिथियमचं, घट्टपणात दोन नंबरचं, जास्त दाब सोसणारं म्हणजे ईपी. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीने घातलेला असतो. आधी कोणतं ग्रीस भरलं होतं ते माहीत नसेल तर जुनं पूर्ण निघेपर्यंत गन चालवा, कारण दोन वेगळ्या जातींची ग्रीसं मिसळली की पातळ होऊन गळू शकतात. गन हाताचीच बरी. हवेच्या गनचा दाब सील फाडू शकतो. आणि निप्पल आधी चिंधीने पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर धूळही आत जाते.

शाफ्टचा सरकता भाग, म्हणजे स्लिप जॉइंट, याला मात्र हात आखडता. तिथे ग्रीस ठासलं तर शाफ्टला आत सरकायला जागाच उरत नाही, आणि सगळा दाब बेअरिंगांवर जातो. दोन-तीन दाब पुरे. काही गाड्यांत हा भाग गिअरबॉक्सच्या तेलातच ओला राहतो, तिथे निप्पल नसतो. हा सरकता भाग सुटा करणार असाल तर आधी दोन्ही बाजूंना खूण करा. त्याच्या दात्यांतला एक दात चुकवून बसवला तरी दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते.

आता जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, स्टँड लावायचेच. अँबेसेडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं उचललीत की तो निरुपयोगी, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावा. जुन्या विलीज जातीच्या जीपमध्ये तर हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवरच काम करतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही जीप मोकळी. उतारावर हे काम करूच नका.

एकांनी विचारलं, ग्रीसऐवजी तेल चालेल का? प्रश्न चांगला आहे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तिकांत या जॉइंटसाठी जाड गिअर ऑइलच सांगितलेलं आहे, कारण ते सुयांपर्यंत सहज पोचतं. पण जीर्ण सीलमधून ते लवकर गळतं. तुमचे सील नवे असतील आणि पुस्तिका तेल सांगत असेल तर तेल घाला. नाहीतर ग्रीसच, चारही तोंडांतून बाहेर येईपर्यंत.