टाकी आणि पट्टा

नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाताना तारेवर चढवलेली ही जी टोमॅटोची झाडं दिसतायत ना, त्यातलं अर्धा एकर आमच्या काकाचं. बांधावर उपडा ठेवलाय तो 16 लिटरचा बॅटरी पंप, पाठीवर घेऊन फवारायचा, मागच्या ऑगस्टमध्ये पंचवटीतल्या एका दुकानातून 3,200 रुपयांना घेतला आणि एकोणिसाव्या दिवशी बसला.

बसला म्हणजे कसा, तर रात्रभर चार्जिंगला लावला, चार्जरवर हिरवा दिवा आला, सकाळी पहिली टाकी व्यवस्थित गेली, दुसरी अर्ध्यावर आली आणि नोझलमधून फवारा यायचा सोडून थेंब थेंब गळायला लागला. आठ दिवसांनी पाऊस उघडला होता, करप्याची, म्हणजे पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाची, फवारणी त्याच दिवशी पाहिजे होती. गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याने मीटर लावला, पंप बंद असताना 12.6 व्होल्ट आणि बटन दाबलं की आकडा धाडकन 9 वर. म्हणाला, काका, ही बॅटरी दुकानात पडून पडूनच मेलेली. शिशाची बॅटरी महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवली की आपोआप उतरते, आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, मग चार्ज झाल्यासारखी दिसते पण लोड आला की झोपते. खोक्यावर छापलेला महिना बघितला तर दीड वर्षापूर्वीचा निघाला.

दुकानात गेलो. शेठने बिल उलटं करून मागचा बारीक शिक्का दाखवला: वॉरंटी 15 दिवस, बॅटरी, मोटर व चार्जर वगळून. आता तुम्हीच सांगा, पंपातनं बॅटरी, मोटर आणि चार्जर वगळले तर राहिलं काय, टाकी आणि पट्टा! मला त्या दिवशी खरंच चीड आली, कारण काका मान डोलावून परत निघाले होते, लिहिलंय म्हटल्यावर काय करणार म्हणून.

पण कायदा त्या शिक्क्यावर थांबत नाही. वॉरंटी हा दुकानदाराने स्वतःहून दिलेला शब्द झाला, आणि माल विकतानाच सदोष होता का हा प्रश्न वेगळा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 20 जुलै 2020 पासून लागू झालेला, त्यात वस्तूच्या दर्जात किंवा क्षमतेत कमतरता असेल तर तो दोष, आणि त्याची तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांत करता येते. बिलावर मुदतच लिहिली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते, आणि पक्कं बिल न देणं हीसुद्धा. त्याहून जुना 1930 चा माल विक्री कायदाही म्हणतो की वस्तू ज्या कामासाठी सांगून घेतली त्या कामाची असली पाहिजे, नुसती वेगळी वॉरंटी दिली म्हणून ही अट आपोआप पुसली जात नाही.

शेठचं पुढचं म्हणणं, हे शेतीच्या धंद्याचं यंत्र आहे, ग्राहक कायदा लागत नाही. लागतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही, आणि बियाण्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलंय.

एक मात्र सरळ सांगतो, वॉरंटी संपल्यावर बिघडलेली प्रत्येक वस्तू सदोष नसते. सीझन संपल्यावर आपणच पंप वर्षभर माळ्यावर टाकला तर दोष आपला. दोष मालात होता हे आपल्याला दाखवावं लागतं, म्हणून मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढला, मेकॅनिककडून दोन ओळी लिहून सहीसकट घेतल्या, खोक्याचा तारखेचा तुकडा कापून ठेवला. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात गेलं आणि आयोगाला वाटलं तर वस्तू लॅबमध्येही पाठवता येते.

मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदार आणि पंपाची कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस, 15 दिवसांत बदलून द्या नाहीतर जिल्हा आयोगात येतो. कंपनी परराज्यातली होती, पण आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार टाकता येते, वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. हे सगळं मी काकांना ओट्यावर बसून वाचून दाखवत होतो आणि ते एकच विचारत होते, खरंच फुकट?

अकराव्या दिवशी शेठचाच फोन आला, काका, पंप घेऊन या. नवीन बॅटरी मिळाली, या वेळी खोक्यावरचा महिना काकांनी चष्मा लावून वाचला आणि दुकानातच पाणी भरून पंप चालवून घेतला. मधल्या काळात शेजाऱ्याचा पंप मागून एक फवारणी झाली, दोन हुकल्या. खालच्या पानांवर हे तपकिरी गोल डाग दिसतायत, तो करपा तेव्हाचाच. त्याची भरपाईही मागता आली असती, काका म्हणाले राहू दे आता, तोडा सुरू झालाय.