विणलेल्या चादरीतला एकच धागा

(दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. वाफाळत्या टाकीतून वर येणारी लाल सुताची लडी.)

सोलापुरी चादरीत रंग सुताला देतात, चादरीला नाही. आधी सूत रंगवायचं, मग जेकार्ड मागावर विणायचं. आम्ही इथल्या एका रंगाऱ्याला मुद्दाम विचारलं, विणून झालेल्या चादरीतला एकच धागा रंगवून द्याल का? ते हसले. "विणल्यावर कसं ओ? सूत देतानाच सांगायचं की!"

रासायनिक जीवशास्त्रात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांनी नेमकं तेच केलं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

जन्म १९६६, बॉस्टन. हार्वर्डमध्ये असताना त्या रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायच्या. गिटारवर होता टॉम मोरेलो, तो पुढे जगभर गाजला. कीबोर्डवाली १९८८ साली पदवी घेऊन बर्कलीला गेली. तिथे पीएचडी अर्ध्यावर असताना गाइड कॅन्सरने आजारी पडले, मग वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. नुसता गाइड बदलला तरी काय हाल होतात, ते आपल्याकडच्या कुठल्याही पीएचडीवाल्याला विचारा. इथे तर गाइडच उरला नाही. बर्टोझींनी काम रेटलं आणि १९९३ मध्ये पीएचडी पूर्ण केली. १९९६ पासून त्या बर्कलीतच शिकवू लागल्या.

त्यांचा विषय पेशीवरच्या साखरा. प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते. ती जिवंत पेशीत बघायची कशी, हा प्रश्न होता.

(दृश्य : टाकीत मीठ आणि सोडा पडतो.)

सूतसुद्धा साखरच आहे बरं का. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी. रिॲक्टिव्ह रंग या साखळीला रासायनिक बंधानेच चिकटतो, म्हणून तो पक्का. पण थोडा रंग पाण्याशीच जुळतो आणि फुकट जातो. पेशीत तर पाणीच पाणी, वर हजारो तऱ्हेचे रेणू. तिथे असा दिसेल त्याला चिकटणारा रंग काय कामाचा?

बर्टोझींनी साखरेला तीन नायट्रोजनची शेपटी लावली, ॲझाइड. पेशी ती साखर खाते आणि आपल्याच विणकामात घालते. मागाहून सोडलेला रंग फक्त त्या शेपटीला धरतो. १९१९ सालची एक जुनी अभिक्रिया वापरून २००० मध्ये हे जमलं, पण काम फार सावकाश. २००२ मध्ये मेल्डाल आणि शार्पलेस या रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून तांब्याच्या मदतीने ॲझाइडला दोन कार्बनमधला तिहेरी बंध झटपट जोडायची पद्धत काढली. तांबं पेशीला विषारी. मग बर्टोझींनी २००४ मध्ये तांबंच काढून टाकलं. तिहेरी बंधाला सरळ रेषेत राहायचं असतं. त्यांनी तो आठ कार्बनच्या कड्यात वाकवून बसवला. दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखा तो बंध ॲझाइड दिसताच सुटतो आणि त्याला जुळतो.

२०१५ मध्ये त्या स्टॅनफर्डला गेल्या. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. शार्पलेस यांचं ते दुसरं.

(दृश्य : पुन्हा डाईंग.)

२००८ मध्ये बर्टोझींच्या गटाने झेब्राफिशच्या वाढत्या भ्रूणात आधीच्या साखरा एका रंगात आणि नंतरच्या दुसऱ्या रंगात दाखवल्या. ते चित्र आम्ही रंगाऱ्याला मोबाइलवर दाखवलं. लाल पडलेल्या अंगठ्याने त्यांनी स्क्रीन मोठा केला.

"रंग पक्का आहे का?"

पक्का. धुतला तरी राहतो.

"मग ठीक," म्हणाले, आणि लडी उलटवायला वळले.