काळी यादी, कोळसा आणि 'टू ऑर्डर'चं बिल

पहिल्या महायुद्धातली ब्रिटनची काळी यादी, म्हणजे ज्यांच्याशी व्यापार बंद अशा पेढ्यांची यादी, म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे मनवारी, म्हणजे लढाऊ जहाजं, येतात. खरं काम चाले कस्टमच्या टेबलावर.

सप्टेंबर 1914मध्ये ब्रिटनने शत्रूशी व्यापार करायला बंदी घातली. पण शत्रू कोण, हे ठरे तो राहतो कुठे यावरून. त्यामुळे तटस्थ चिलीतली जर्मन पेढी सहीसलामत सुटे. हे भोक डिसेंबर 1915च्या कायद्याने बुजवलं. राष्ट्रीयत्व किंवा लागेबांधे पाहून तटस्थ देशातल्या पेढीचंही नाव यादीत घालता येऊ लागलं. पहिली यादी 29 फेब्रुवारी 1916ची. त्या जुलैत अमेरिकेतल्या 80हून अधिक पेढ्या तीत आल्या, तेव्हा वॉशिंग्टन चांगलंच भडकलं.

आता कलकत्त्याच्या गोदीत येऊ. चिलीत नायट्रेट भरायला तागाची पोती लागत, आणि ताग म्हणजे बंगाल. पोती अडवली की खाणीवरचा माल हलत नाही. मग पोत्यांच्या गासड्या अडवायच्या कशा? माल पाठवणारा शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या कागदात, नग, किंमत, मुक्काम लिहून देतो. माल बोटीत चढला की मेटची, म्हणजे बोटीवरच्या अधिकाऱ्याची, पावती मिळते, आणि ती देऊन बिल ऑफ लेडिंग, म्हणजे ज्याच्यावर माल ताब्यात मिळतो तो कागद. खरी मेख इथे आहे. बिल 'टू ऑर्डर' असेल तर त्यावर घेणाऱ्याचं नावच नसतं. मागे सही करून कागद ज्याच्या हाती जाईल, माल त्याचा. अशा बिलापुढे यादी कितीही लांब असली तरी निरुपयोगी. म्हणून घेणाऱ्याचं नाव लिहायला लावायचं. तिथे बँक किंवा आडत्या दिसला, तर 'नोटिफाय'च्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहायचं. बोट लागल्याची वर्दी ज्याला जाते, बहुधा माल त्याचाच असतो.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. यादी देशवार असे; एकाच आडनावाच्या दोन पेढ्या, त्यांतली एक निर्दोष. कारकुनाने नुसतं आडनाव जुळवलं तर भलत्याचाच माल गोदामात पडून राही, आणि गोदामाचं भाडं काही थांबत नसे. माल वाटेत असताना घेणाऱ्याचं नाव यादीत आलं तर आणखी पंचाईत: परवाना मिळेपर्यंत कागद त्याच्या हाती द्यायचे नाहीत.

तटस्थ बोटींना वेसण घातली ती कोळशाने. एडन, कोलंबो, सिंगापूर इथे कोळसा भरायचा तर ब्रिटिशांच्या अटी मान्य करा. नाही तर बसा नांगर टाकून.

या जाळ्याला आपल्याच शेजारी एक खिडकी होती: पोर्तुगीज गोव्यातलं मुरगाव बंदर. पोर्तुगाल 1916च्या मार्चपर्यंत तटस्थ, आणि 1914मध्ये जर्मन बोटी तिथे आसऱ्याला शिरलेल्या. बंदरात ब्रिटिश कस्टमचा हुकूम चालत नव्हता. पण मुरगावची रेल्वे कॅसलरॉकवरून येते. ब्रिटिश मुलखातून तिकडे जाणारा माल पाहायचा, तर समुद्रावर नव्हे, घाटमाथ्यावरच्या त्या स्टेशनात.