चित्र पुडीवर, तंबाखू डबीत

(दृश्य : सकाळची टपरी. एका हाताचा क्लोजअप.)

सकाळचे सात. एसटी स्टँडासमोरची टपरी. गिऱ्हाइकाने पुडी दाताने फाडली, तंबाखू डबीत ओतली. डबीच्या दुसऱ्या तोंडात चुना आहेच. चिमूट तळहातावर, चुन्याचं बोट, अंगठ्याने मळणं, वर दोन थापट्या, आणि बार ओठाखाली.

रिकामी पुडी गटाराच्या कडेला पडली. आम्ही कॅमेरा तिच्यावर नेला. तोंडाच्या कॅन्सरने खाल्लेल्या गालाचा फोटो, खाली इशारा. पुडीचा ८५ टक्के भाग त्यानेच व्यापलाय. माणसाच्या हातात तो जेमतेम दहा सेकंद होता. डबी दिवसभर खिशात राहणार. डबीवर काहीच छापलेलं नाही.

(दृश्य : जुन्या पुड्या, पाकिटं.)

हा फोटो पुडीवर यायला फार वर्षं गेली. तंबाखूविषयीचा कायदा २००३चा. चित्रं प्रत्यक्षात आली ३१ मे २००९पासून, तीही फक्त दर्शनी बाजूला, ४० टक्के जागेत. आणि खायच्या तंबाखूवर चित्र कसलं? विंचवाचं.

ज्याला वाचता येतं, त्याच्यासाठी शब्द होतेच. चित्र हवं होतं ते वाचता न येणाऱ्यासाठी. आपल्याकडे विडी-तंबाखूचा माल पिढ्यान्‌पिढ्या छापावर ओळखला जातो, आणि छाप अनेकदा एखाद्या प्राण्याचा. अशा माणसाला विंचू हाही नवा छापच वाटला असेल, तर त्यात त्याची काय चूक?

२०११च्या डिसेंबरात विंचू गेला आणि माणसाचं तोंड आलं. पुढे २०१४ साली ८५ टक्क्यांचा आदेश निघाला, पण तो अमलात यायला १ एप्रिल २०१६ उजाडला. मग कोर्टकचेरी. डिसेंबर २०१७मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र टिकलं.

आणि ते काम करतं. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोक म्हणाले, हा इशारा पाहून सोडावीशी वाटली. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के. तंबाखू खाणाऱ्यांत मात्र ४६. हा उतार बघताना मला ती डबी आठवते.

सुट्या सिगारेटचंही तेच. एक घेतली की पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं, चित्रासकट. म्हणूनच सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी घातली. तरी टपरीवर उभं राहिलं की “एक दे रे” कानावर येतंच.

(दृश्य : घराचं मागचं दार. चूल.)

आता या घरात या. आजी तव्यावर तंबाखू भाजतायत. पानं काळी पडेपर्यंत हलवायची, मग चुरून पूड करायची. वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, डोळे चुरचुरतात. ही मिश्री. सकाळी दातांना लावायची, दुपारी जेवल्यावर परत, झोपताना परत. आजी तिला तंबाखू म्हणतच नाहीत.

“अगं, दात घासायचं ते. तंबाखू खातात ते गडीमाणसं.”

तंबाखू बाजारातून नातू आणतो. ओतून झाल्यावर पुडी थेट चुलीत. आजींनी ते चित्र कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही त्यांच्या हातात पुडी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचं बोट आपोआप स्वतःच्या गालाच्या आतल्या बाजूला गेलं.

“हे मिश्रीनं पण होतं?”

होतं, आजी.

(दृश्य : पुडीवरचा नंबर.)

२०१८पासून चित्राखाली एक नंबर छापतात, १८००-११-२३५६. फोन फुकट लागतो, पलीकडे तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं असतात. नातवाने तो वाचला. कागद चुलीत जाणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने कोळसा उचलला आणि भिंतीवर, तवा टांगतात त्या खिळ्याशेजारी, नंबर मोठ्ठ्या आकड्यांत लिहून काढला.