चिमूटभर मीठ आणि हिरवा खडू

नमस्कार, श्रोतेहो.

ऑक्टोबर अर्ध्यावर आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत दोन सणांची तयारी एकदमच सुरू होते. एकीकडे चकलीची भाजणी या वेळी भारतातून कोणाबरोबर येते आहे याची विचारपूस चाललेली असते, आणि दुसरीकडे मुलांच्या दप्तरातून हॅलोविनची, म्हणजे भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागण्याच्या सणाची, चिठ्ठी घरी आलेली असते. २०२४ साली तर महाराष्ट्रातल्या पंचांगातली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी आली होती. मी इथल्या एका बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. दर वर्षी या दिवसांत मराठी पालक, आणि त्यांच्याहूनही अधिक नातवंडांसाठी इथे आलेल्या आज्या, मला विचारतात की एवढ्याशा मुलांच्या हाती झोंबीचे, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेताचे, चित्र रंगवायला कशासाठी द्यायचे. प्रश्न रास्त आहे, आणि आज मी त्याचे उत्तर जरा सविस्तर देणार आहे.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी झोंबीच्या चित्रांचा एक गठ्ठा नीट न पाहताच वर्गात वाटला. चार वर्षांच्या एका मुलाने आपला कागद पाहिला, तो उपडा केला आणि त्यावर खडूंचा डबा ठेवला. मी जवळ गेले तेव्हा त्याने अगदी हळू आवाजात विचारले, "डबा उचलला तर तो वर येईल का?" मी दुसरा कागद हातात घेऊन पाहिला. चित्रात रक्त नव्हते, जखम नव्हती. पण भुवया नाकाकडे उतरत आलेल्या होत्या आणि डोळ्यांत बुबुळेच नव्हती. मी त्या भुवयांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, कपाळावर उंच अशा दोन कमानी काढल्या आणि डोळ्यांत काळे ठिपके दिले, तेही समोर पाहणारे नव्हेत, तर झोंबीच्या स्वतःच्या हातातल्या बादलीकडे वळलेले. मुलाने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, "त्याला गोळ्या हव्या आहेत." मग त्याने डबा उचलला आणि त्यातला हिरवा खडू घेतला.

तेव्हापासून कोणतेही चित्र मुलांपुढे ठेवण्याआधी मी त्याच्या भुवया पाहते. मूल चेहरा वाचते ते प्रथम डोळे आणि भुवया यांवरून. तोंड हसरे असले तरी वरच्या दोन रेषा रागीट असतील तर ते हसू मुलाला अधिकच भीतिदायक वाटते. चित्र निवडताना आणखीही काही गोष्टी पाहाव्यात. डोळे गोल आणि मोठे असावेत, एक थोडा लहान असला तरी चालेल. तोंडात एखादाच दात असावा. केस विस्कटलेले असावेत, कपड्यांना ठिगळे असावीत, आणि हातात काहीतरी आपलेसे असावे, जसे फूल, फुगा किंवा मांजराचे पिल्लू. कवटी, सांडलेले रक्त, तुटलेला अवयव यांतले काहीही नको. बाह्यरेषा जाड असावी आणि मोकळ्या जागा मोठ्या असाव्यात, कारण तीन वर्षांच्या मुलाचा हात खांद्यापासून हलतो, त्याच्या बोटांना बारीक वळणे अजून जमत नाहीत.

तीन ते सहा या वयात खरे आणि कल्पित यांच्यामधली भिंत फार पातळ असते. त्यामुळे "तसं काही नसतंच" हे मोठ्यांचे वाक्य मुलाच्या उपयोगी पडत नाही. त्याला जे दिसले ते त्याने पाहिलेले असते. उलट भीतीला कागदावर आणले, तिला हातात धरता येईल एवढे लहान केले आणि तिचा रंग ठरवण्याचा अधिकार मुलाला दिला, तर ते मूल त्या कागदापुरते मालक होते. ही रीत आपल्याला परकी नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचे भलेमोठे पुतळे उभे राहतात, आणि त्याच्या अंगात गवत भरणारी, त्याचे दात रंगवणारी मुले पहाटे तो जळताना डोळे मिटून घेत नाहीत. मात्र एक कळकळीची विनंती आहे. आपल्यातल्या अनेकांना लहानपणी बागुलबुवाची भीती दाखवून घास भरवले गेले. ती जागा आता झोंबीला देऊ नका. "जेव, नाहीतर झोंबी येईल" हे एक वाक्य रंगवण्यातून मिळालेले सारे धैर्य घालवून टाकते.

आता हा झोंबी मुळात कोण, हेही आपण मोठ्यांनी जाणून घ्यायला हवे. हॅलोविन आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आले. तिथे सलगम कोरून दिवे करीत, आणि अमेरिकेत आल्यावर त्या दिव्यांसाठी भोपळा मिळाला. झोंबी मात्र तिथला नव्हे. तो कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचा आहे. हैती ही एके काळी सें-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना तिथल्या उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून मरेपर्यंत राबवले जात असे. मरण आल्यावर तरी सुटका होईल, ही त्यांची आशा होती. आणि मेल्यानंतरही कोणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही त्यांची सर्वांत मोठी भीती होती. झोंबी म्हणजे असा माणूस, ज्याचे नाव, घर आणि इच्छा हिरावून घेतली आहे आणि जो केवळ दुसऱ्याच्या हुकमाने चालतो. त्या गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र केला. माणसांच्या मागे धावून मांस खाणारा झोंबी फार नंतरचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो अमेरिकी चित्रपटांनी रूढ केला, आणि हैतीच्या मूळ कथेत तो भयानक नव्हे, तर दयनीय आहे.

त्या मूळ कथेत एक गोष्ट अशी आहे, की ती प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ तशीच बसून राहिले. झोंबीला त्याचा मालक अळणी अन्न देतो, कारण जिभेला मीठ लागले की झोंबीला सारे आठवते : आपण कोण, आपले गाव कुठले. मग तो हातातले काम टाकून घराच्या वाटेला लागतो. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे मालकाशी इमान राखणे. हैतीच्या कथेत मात्र माणूस मिठाने खरोखर जागा होतो, आणि मालकाचा राहत नाही. शाळेत जाऊ लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मी गुलामगिरीचा इतिहास सांगत नाही, पण एवढे अवश्य सांगते की हा झोंबी वाट विसरला आहे आणि त्याला चिमूटभर मीठ मिळाले की घर आठवेल. त्यामुळे प्रेमळ झोंबी म्हणजे मुलांसाठी मिळमिळीत केलेला झोंबी, असे मला वाटत नाही. तो मीठ चाखलेला झोंबी आहे.

म्हणूनच आमच्या वर्गात या दिवसांत रंगांच्या शेजारी मिठाची वाटी असते. मुले आधी मेणाच्या खडूने झोंबी रंगवतात, आणि खडू जरा दाबून, मेणाचा थर बसेल असा फिरवतात. पांढऱ्या खडूने चंद्र काढायला सांगितले की ती हसतात, कारण पांढऱ्या कागदावर तो दिसतच नाही. मग त्यांनी निळा किंवा जांभळा जलरंग भरपूर पाण्यात कालवून रुंद कुंचल्याने सगळ्या कागदावर फिरवायचा. मेण पाण्याला धरू देत नाही, त्यामुळे झोंबीवरून रंग ओघळून जातो आणि कोऱ्या वाटणाऱ्या जागेतून चंद्र वर येतो. रंग ओला असतानाच, त्याची चमक जाण्याआधी, प्रत्येकाने चिमूटभर मीठ वरून सोडायचे. मिठाचा खडा भोवतालचे रंगीत पाणी ओढून घेतो, आणि कागद वाळल्यावर प्रत्येक खड्याखाली फिकट चांदणी उमटलेली असते. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : कागद जाड हवा, नाहीतर तो पाण्याने चुरमडतो, आणि वाळेपर्यंत, म्हणजे साधारण जेवणाची सुट्टी संपेपर्यंत, मीठ झटकायचे नाही. भारतातून आलेल्या एका आजी आमच्या वर्गात मदतीला बसल्या होत्या. नातीने मीठ सोडताना पाहून त्या म्हणाल्या, "मोहरी पण घाल थोडी, म्हणजे त्याची दृष्टही निघेल." नातीने पुढे घरी खरोखरच मोहरीचे दाणे गोंदाने चिकटवून झोंबीच्या सदऱ्याला गुंड्या केल्या.

रंगाविषयीही थोडे बोलायला हवे. क्रेयोला कंपनीचा पहिला डबा १९०३ साली निघाला; त्यात आठ खडू होते आणि किंमत पाच सेंट होती. पुढे याच कंपनीच्या एका फिकट गुलाबी खडूला इंग्रजीत 'त्वचेचा रंग' असे नाव होते. १९६२ साली ते बदलून 'पीच' करण्यात आले, कारण सगळ्यांची त्वचा त्या रंगाची नसते हे उशिरा का होईना कळले. तरीही वेगवेगळ्या घरांतली मुले एका टेबलाशी बसली की माणूस रंगवताना ती अजूनही थबकतात आणि कोणता खडू घ्यावा असे एकमेकांकडे पाहतात. झोंबीच्या बाबतीत तो संकोच कोणालाच होत नाही. तो हिरवा, निळा, जांभळा, पट्ट्यापट्ट्यांचा, कसाही असतो. हिरवा खडू संपला तर पिवळ्यावर निळा फिरवून हिरवा मिळतो, हे अनेक मुलांना झोंबीमुळेच प्रथम कळलेले मी पाहिले आहे.

ठिगळांमध्ये आणखी मजा आहे. झोंबीच्या सदऱ्यावर सात-आठ चौकोन आखून द्यावेत आणि प्रत्येकात वेगळी नक्षी भरायला सांगावी : एकात उभ्या रेघा, एकात ठिपके, एकात लाटा, एकात फुल्या. पुढे अक्षरांसाठी लागणारी बहुतेक वळणे यात येऊन जातात. मराठी घरात तर शेजारी गोधडी पसरून ठेवावी आणि तिचे तुकडे पाहून मुलाला कागदावर ठिगळे लावू द्यावीत. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कोणता, बाबांच्या शाळेतल्या सदऱ्याचा कोणता, ही विचारणा मग आपोआप सुरू होते आणि रंगवणे तासभर लांबते.

खडू अखंडच हवेत, असा हट्ट धरू नये. तुटलेला, बोटाच्या एका पेराएवढा तुकडा लहान मुलासाठी अधिक चांगला, कारण तो मुठीत धरता येत नाही. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो आणि हाताला योग्य पकड आपोआप लागते. कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने रंगवू दिले तर मनगटही बळकट होते. रंग रेषेबाहेर गेला म्हणून हटकू नये. "हे काय काढलंस?" असे विचारण्याऐवजी "याच्याबद्दल मला सांग" असे म्हणावे, आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून ठेवावे. गेल्या वर्षी एका मराठी मुलीने माझ्याकडून चित्राखाली लिहून घेतलेले वाक्य असे होते : "हा पारोसा आहे, उठलाय पण आंघोळ राहिली आहे." तिच्या घरी त्या आठवड्यात उटणे भिजत घातलेले होते, हे निराळे सांगायला नको.

आणि मूल नको म्हणाले, कागद उपडा करून त्यावर डबा ठेवला, तर तो डबा आपण उचलू नये. भोपळा रंगवायला द्यावा, पणती रंगवायला द्यावी. झोंबीचा कागद खणात ठेवून द्यावा, आणि खण कोणता ते मुलाला दाखवून ठेवावे. आमच्या वर्गातल्या त्या खणावर मुलांनीच एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर मिठाच्या वाटीचे चित्र आहे.

नमस्कार.