ओठावर फुटलेला ताप

नमस्कार श्रोतेहो.

ताप उतरतो, अंगात जरा हुशारी येते, आणि सकाळी आरशात पाहावं तर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुपका! घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "ताप ओठावर फुटला, आता बरं वाटेल." कुणी उष्णतेला बोल लावतं, कुणी रात्री झुरळ चाटून गेलं म्हणून मोकळं होतं.

झुरळाचा यात काही दोष नाही. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. नाव ऐकून पुष्कळ जण दचकतात, आवाज खाली आणतात. दचकू नका. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणीतरी प्रेमानं घेतलेल्या पाप्यातून मिळालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोघांच्या शरीरात तो आहे. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. ताप, जागरण, मनावरचा ताण, पाळी, कडक ऊन यातलं काहीही त्याला उठवायला पुरतं. म्हणजे ताप हे निमित्त. तो 'बाहेर पडत' वगैरे काही नसतो.

आता कामाची गोष्ट. फोड दिसण्याआधी, कधी काही तास तर कधी एक दिवस, त्या जागी चुरचुरतं, मुंग्या येतात. ज्यांना हे वारंवार होतं त्यांना ती चुरचुर बरोबर ओळखता येते. तीच वेळ साधायची. असायक्लोव्हिरचं मलम लावायचं तर तेव्हापासून, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस. फोड फुटून खपली धरल्यावर लावलेल्या मलमाचा फारसा उपयोग नाही. आणि घरात खाजेसाठी आणून ठेवलेली स्टिरॉइडची ट्यूब कृपा करून ओठावर चोळू नका, त्यानं विषाणूचं फावतं. चुना नको, टूथपेस्ट नको, लिंबू तर नकोच.

मग घरात करायचं काय? स्वच्छ रुमालात बर्फाचा खडा गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा, ठणका कमी होतो. खपली कोरडी पडून तडकते म्हणून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, पण बोट थेट डबीत घालू नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल. लोणचं, ठेचा चार दिवस लांब ठेवा. दहीभात, मऊ खिचडी बरी. खपली खरवडायची नाही. सात ते दहा दिवसांत बहुधा डाग न ठेवता जातं. ज्यांना उन्हानं होतं, शेतावर, दुचाकीवर, वारीच्या वाटेवर, त्यांनी ओठांना सनस्क्रीन असलेला लिप बाम लावावा आणि टोपी किंवा उपरणं घ्यावं.

फोड असेपर्यंत टॉवेल, पेला, चमचा वेगळा. तांब्या वरून पिण्याची आपली जुनी रीत इथे फार शहाणपणाची. हात लागला की साबणानं धुवा, आणि तेच बोट डोळ्याला नेऊ नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर घरगुती उपाय तिथेच थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बुबुळाला इजा होऊ शकते. मधुमेह असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, किंवा दोन आठवड्यांतही भरलं नाही, तरीही दाखवा.

सगळ्यात जपायचं ते तान्ह्या बाळाला. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत, जिवापर्यंत जाऊ शकतो. ओठावर फोड असेल तर पापा नाही, मग तुम्ही आई असा, आत्या असा नाहीतर आजोबा. बारशाला हे सांगायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी मात्र स्वतःच तोडगा काढला. नातवाच्या पाळण्यापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावला, आणि लांबूनच अलाबला घेऊन कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

नमस्कार.