चिखलात उभी राहणारी बोट

(दृश्य: दक्षिण इंग्लंड, सोलेंट या सामुद्रधुनीच्या काठावरचं एक बोटयार्ड. फेब्रुवारी. टेकू लावून जमिनीवर उभ्या केलेल्या शिडाच्या बोटी.)

साउदॅम्प्टन आणि पोर्टस्मथच्या आसपास हिवाळ्यात बऱ्याच बोटी पाण्याबाहेर काढतात. लोखंडी टेकूंवर त्या अशा रांगेनं उभ्या असतात आणि त्यातल्या काहींच्या कठड्याला ‘विकणे आहे’ अशी पाटी लटकत असते. बारा महिने बोटीवरच राहायचं ठरवलेली माणसं बोट शोधत फिरतात, ती याच दिवसांत. ते शहाणपणाचं आहे. पाण्यात असताना बोटीचं तळ दिसत नाही, आणि भर उन्हाळ्यात गळका डेकही कोरडा ठणठणीत असतो.

रविवारी हौसेनं शीड उभारणाऱ्याला जी बोट आवडेल, ती राहायला सोयीची निघेलच असं नाही. बोटीवर राहणारा माणूस वर्षातले बहुतेक दिवस नांगर टाकून किंवा धक्क्याला बांधलेलाच असतो. तिथेच तो स्वयंपाक करतो, कपडे वाळत घालतो, तापानं फणफणतो. तेव्हा बोट पळते कशी, यापेक्षा ती उभी कशी राहते हे आधी पाहायला हवं. आमच्या मते शोध इथूनच सुरू व्हावा.

(दृश्य: दोन बोटी शेजारी. एकीची कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, खोल; दुसरीला दोन आखूड कील.)

याच किनाऱ्यावर घडलेल्या या दोन बोटी बघा. डावीकडची कॉन्टेसा ३२, लिमिंग्टनची. डेव्हिड सॅडलर यांचं डिझाइन. अंगानं अरुंद, पाण्यालगत बसणारी. शिडाच्या बोटींच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या होत्या. वाटेत वादळानं गाठलं आणि १५ स्पर्धकांचा जीव गेला. सर्वांत लहान बोटींच्या वर्गातली एकच बोट शर्यत पूर्ण करून आली, ‘असेंट’. ती कॉन्टेसा ३२ होती. भरसमुद्रात जिच्यावर जीव सोपवावा अशी ही बोट. पण आत उतरलात की अरुंदपणा जाणवतो. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाताना एकाला बाजूला बसावं लागतं. चार दिवसांच्या सफरीत त्याचं काही वाटत नाही, वर्षभराच्या संसारात वाटतं.

उजवीकडची वेस्टर्ली सेंटॉर, १९६९ साली आलेली. लांबी जेमतेम २६ फूट. पोर्टस्मथजवळच्या कारखान्यात अशा २४०० हून अधिक बोटी बांधल्या गेल्या. समोरून वारा असताना ती कॉन्टेसासारखी पुढे जात नाही. पण तिच्या पोटाखाली मध्ये एक खोल कील असण्याऐवजी दोन्ही अंगांना आखूड कील आहेत. इथे मोठ्या भरतीला पाणी जवळजवळ चार मीटर चढतं आणि उतरतं. ओहोटीला खाड्या रिकाम्या होतात, तेव्हा सेंटॉर त्या दोन पायांवर चिखलात सरळ उभी राहते. चुलीवरचा चहा सांडत नाही. आणि ओहोटीला कोरडी पडणारी मूरिंगची, म्हणजे बोट बांधून ठेवायची, जागा कायम खोल पाणी असणाऱ्या मरीनापेक्षा, म्हणजे बोटींच्या गोदीपेक्षा, बरीच स्वस्त पडते. थोड्या पैशात पहिल्यांदाच बोटीवर राहायला निघालेल्या माणसाला आम्ही सेंटॉरच दाखवू. अटलांटिक ओलांडायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

(दृश्य: ताडपत्रीखाली एक जुनी लाकडी बोट.)

लाकडी बोटीचा मोह मात्र मोठा. आणि मुंबईच्या माणसाला तो जरा जास्तच होणार. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत बांधली गेली होती, सागवानात. १४ जून १९६८ ला ते फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतले. ३१२ दिवस तेवढ्याशा बोटीत एक माणूस राहिला. आजही लाकडी बोट त्याच लांबीच्या फायबरच्या बोटीपेक्षा पुष्कळदा स्वस्तात मिळते. पण लाकूड दरवर्षी हात मागतं. फळ्यांच्या सांधी, रंग, कुजका तुकडा काढून नवा बसवणं. ज्या घरात झोपायचं तेच उघडून ठेवायचं, हे सुतारकाम अंगात असल्याशिवाय निभत नाही.

(दृश्य: बोट तपासणारा सर्व्हेयर फायबरच्या तळावर छोटी हातोडी टिचकावत चालला आहे. आवाज ऐकू द्यावा.)

ऐका. कलिंगड ठोकून पाहावं तसं हा सर्व्हेयर वीतभर अंतरानं तळ ठोकत पुढे सरकतोय. टणक, मोकळा आवाज येतोय तोवर ठीक. इथे मात्र आवाज बसला. तिथे त्यानं खडूनं गोल केला. फायबरच्या थरांत पाणी मुरलं की आतल्या रेझिनशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. चार फोडांनी बोट बुडत नाही, पण भाव नक्की उतरतो.

खरी धास्ती डेकची. वरून फायबर, खालून फायबर आणि मध्ये बऱ्याचदा बाल्सा लाकूड. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते लाकूड कुजतं. चालताना पायाखाली डेक दबला, तर समजून घ्या.

(दृश्य: तळातला व्हॉल्व्ह, अगदी जवळून.)

आता हा व्हॉल्व्ह. समुद्राचं पाणी आत घेणारा, पाण्याच्या पातळीखाली बसवलेला. दिसायला शाबूत आहे. सर्व्हेयरनं चाकूच्या टोकानं जरासं खरवडलं. पिवळं दिसायला हवं होतं, निघालं गुलाबी. खाऱ्या पाण्यानं पितळातलं जस्त खाल्लंय आणि उरलंय ते ठिसूळ तांबं. रात्री कुणी घाईत मूठ ओढली, तर व्हॉल्व्ह तुटून हातात येईल आणि उघड्या भोकातून समुद्र आत. बदलायला खर्च फार नाही. पण हे बघितल्याशिवाय बोट घेऊ नका.

डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा कधी बदलल्या, ते विचारा. दहा वर्षं उलटली असतील तर विमा कंपनीही तेच विचारेल. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. तुम्ही पोचायच्या आत ते गरम करून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

(दृश्य: केबिन. गादी उचललेली, खाली काळे डाग.)

आणि गादी उचला. राहणाऱ्याचा मुख्य शत्रू वादळ नाही, ओल आहे. श्वासाची वाफ, भाताची वाफ, ओले रेनकोट, हे सगळं थंड फायबरवर पाणी होऊन ओघळतं आणि गादीखाली बुरशी धरते. हीटर आहे का, हवा खेळायला झरोके किती, कपाटांच्या मागे हात घातला तर काय लागतं, हे शिडांच्या वयाइतकंच महत्त्वाचं.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी. ब्रिटनमधल्या बऱ्याच मरीनांत बोट ठेवता येते, पण कायमचं राहता येत नाही. राहायची परवानगी असलेली जागा आधी लेखी मिळवा. दुसरं, कागद. स्मॉल शिप्स रजिस्टरचं, म्हणजे छोट्या बोटींच्या ब्रिटिश नोंदणीचं, प्रमाणपत्र म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. आधीच्या प्रत्येक विक्रीचे कागद मागा, आणि बोटीवर कर्ज नाही याची खात्री करून घ्या.

(दृश्य: बोट पाण्यात. शिडं चढतात.)

सर्व्हे उतरला की समुद्रावरची चाचणी. निघण्याआधी तळाच्या फळ्या उचलून बिल्ज, म्हणजे त्यांच्याखालची पाणी साचणारी जागा, पुसून कोरडं करायचं. मग बाहेर जाऊन बोट दोन्ही अंगांवर चांगली कलती करायची, इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. परत आल्यावर त्याच फळ्या पुन्हा उचलायच्या. खाली पाणी दिसलं तर थेंबभर जिभेला लावायचं. गोडं असेल तर टाकी गळतेय. खारं असेल तर सर्व्हेयरला पुन्हा खाली उतरवायचं, आणि तोवर सही करायची नाही.